पदवी समारंभाच्या चार छायाचित्रांपैकी स्मरणिकेत छापण्यासाठी कोणते निवडावे?

माणगंगाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या गावातील माध्यमिक विद्यालयाला यंदा ५० वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत ‘घरातील पहिले पदवीधर’ असा एक विभाग ठेवला असून त्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी ग्रामपंचायतीत लिपिक होतो. कागदपत्रांची सवय आहे, पण छपाईतले मला फारसे कळत नाही. या विभागात माझ्या पुतणीचेही छायाचित्र जायचे आहे. तिने पशुवैद्यक शाखेची साडेपाच वर्षांची पदवी पूर्ण केली असून गेल्या महिन्यात पदवीप्रदान समारंभही पार पडला.

अडचण अशी की घरात चार छायाचित्रे आहेत आणि मते पाच आहेत. पहिले छायाचित्र स्टुडिओतले आहे. त्यात निळ्या पडद्यासमोर ती गाऊन आणि चौकोनी टोपी घालून, हातात फीत बांधलेली कागदाची गुंडाळी धरून उभी आहे. स्टुडिओवाल्याने तिचा चेहरा इतका उजळवला आहे की ते चित्र मला तिचे वाटतच नाही, तिच्या धाकट्या बहिणीचे वाटते. दुसरे व्यासपीठावरचे आहे, पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्र स्वीकारतानाचे. त्यात तिचा चेहरा बाजूने दिसतो आणि पाहुणे मात्र समोरून दिसतात. तिसरे तिच्या मैत्रिणीने वसतिगृहाच्या व्हरांड्यात मोबाइलवर काढले आहे. त्यात टोपी हातात आहे, गाऊन पुढून उघडा असल्यामुळे आतली मोतिया रंगाची साडी दिसते, आणि ती मोकळेपणाने हसते आहे. हे छायाचित्र पायांपासून डोक्यापर्यंत पूर्ण आकृतीचे असून ते मला व्हॉट्सॲपवर आले. चौथी सेल्फी आहे, भर उन्हात, सूर्य पाठीमागे असताना काढलेली.

स्मरणिका ए-फोर आकाराची, आतील पाने १३० जीएसएमच्या (म्हणजे दर चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाच्या) आर्ट पेपरवर रंगीत छापली जाणार आहेत आणि प्रत्येक छायाचित्राला ४ इंच रुंद व ५ इंच उंच जागा दिली आहे. शिवाय तालुक्याच्या साप्ताहिकात अभिनंदनाचा मजकूर द्यायचा आहे. तिथे एका स्तंभाच्या रुंदीत, म्हणजे साधारण ४ सेंटिमीटरमध्ये, कृष्णधवल छापतात. थोरल्या भावाचे म्हणणे आहे की स्टुडिओचे पैसे मोजले आहेत तर तेच छापावे. पुतणीला तिसरे आवडते, पण प्रेसमधल्या मुलाने ‘व्हॉट्सॲपचा फोटो चालणार नाही’ एवढेच सांगून विषय संपवला. निवड नेमकी कशावरून करायची असते, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

खिळेजुळारी

माझी ३० वर्षे छापखान्यात गेली आहेत, खिळे जुळवण्यापासून संगणकावर पाने लावण्यापर्यंत. तेव्हा उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमस्व.

प्रेसमधील मुलगा अर्धे बरोबर बोलला. छायाचित्र कोणत्या वाटेने आले यापेक्षा, कापून झाल्यावर त्यात किती पिक्सेल, म्हणजे चित्र घडवणारे रंगाचे ठिपके, उरतात आणि ते कागदावर किती इंचांत पसरणार आहेत, हा हिशेब महत्त्वाचा असतो. चांगल्या आर्ट पेपरवर दर इंचाला ३०० पिक्सेल मिळावेत असा आमचा रिवाज आहे. म्हणजे तुमच्या ४ बाय ५ इंचांच्या चौकटीसाठी १२०० बाय १५०० पिक्सेल लागतील. आता तिसऱ्या छायाचित्राचे पाहा. हल्लीच्या साध्या मोबाइलमध्येही १२ मेगापिक्सेलचे, म्हणजे ३०२४ बाय ४०३२ पिक्सेलचे मूळ चित्र तयार होते. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने पाठवताना त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणून ठेवते. पूर्ण आकृतीतून कमरेपासून वरचा भाग घ्यायचा तर निम्मी रुंदीच कामाची उरते. तुमच्याकडे आलेल्या प्रतीत ती जेमतेम ६०० पिक्सेल भरेल, म्हणजे ४ इंचांत पसरल्यावर दर इंचाला केवळ १५०. तोच भाग मूळ चित्रातून कापला तर १५०० पिक्सेलच्या वर मिळतील आणि तुमची गरज भागून वर उरतील. थोडक्यात, तिसरे छायाचित्र नाकारण्यासारखे नाही. तुमच्या हातात त्याची नक्कल आहे, मूळ प्रत नाही. त्या मैत्रिणीला ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे चित्राला धक्का न लागता फाइल जशीच्या तशी येईल. ‘एचडी’ पर्यायाने पाठवलेलेही नेहमीच्या प्रतीपेक्षा बरे असते, पण ‘डॉक्युमेंट’ असताना ती तडजोड कशाला करायची?

इथे एक गैरसमज सांगून ठेवतो, कारण तो दर हंगामात माझ्या टेबलावर येतो. संगणकात दर इंचाच्या पिक्सेलचा ‘७२’ हा आकडा खोडून ‘३००’ लिहिल्याने छायाचित्र सुधारत नाही. पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त कागदावरचा आकार लहान ठरतो. आणि आकार तोच ठेवून पिक्सेल वाढवायला लावले, तर संगणक मधल्या जागा अंदाजाने भरतो. अलीकडे एआयच्या ॲपमधून ‘फोटो स्पष्ट करून’ आणण्याची नवी रीत निघाली आहे. त्यात पापण्या आणि दात इतके सुबक होतात की माणूस दुसराच वाटू लागतो. स्मरणिका ५० वर्षे कपाटात राहणार असेल, तर कृपया हे करू नका.

स्टुडिओच्या छायाचित्राचा छापील कागद स्कॅन करून देऊ नका. अनेक स्टुडिओ खरबरीत पोताच्या कागदावर छापतात आणि स्कॅनमध्ये तो पोत चेहऱ्यावर देवीच्या वणांसारखा उमटतो. त्यांच्याकडे मूळ फाइल मागा, आणि जमल्यास ‘टच-अप’ न केलेलीच मागा.

आता साप्ताहिकाकडे वळू. तिथे गणित उलटे आहे. वर्तमानपत्री कागदावर छपाईच्या ठिपक्यांची जाळी जाड असते, इंचाला साधारण ८५ ते १०० ओळींची, त्यामुळे दर इंचाला २०० पिक्सेल पुष्कळ झाले. ४ सेंटिमीटरसाठी सव्वातीनशेच्या आसपास पिक्सेल पुरतात, म्हणजे तुमची व्हॉट्सॲपची नक्कलही तिथे चालेल. अडचण पिक्सेलची नसून शाईची आहे. छपाईत करडी शाई नसते. काळेच ठिपके लहानमोठे करून करडेपणाचा भास निर्माण केला जातो, आणि वर्तमानपत्राचा कागद शाई पिऊन ते ठिपके फुगवतो. संगणकावर निम्मा काळा दिसणारा भाग कागदावर पाऊण काळा होतो. त्यामुळे डोळ्यांखालची सावली, गळ्याखालची सावली, काळे केस आणि काळा गाऊन हे सगळे एकमेकांत मिसळून एकच डाग होतो. साप्ताहिकासाठी असे चित्र निवडा, ज्यात चेहऱ्यावर सगळीकडे प्रकाश आहे आणि केसांमागची पार्श्वभूमी केसांपेक्षा स्पष्टपणे फिकी आहे. तुमच्या निळ्या पडद्याचे कृष्णधवलात काय होते, ते मोबाइलवरच रंग काढून पाहा. गडद निळा असेल तर टोपी त्यात बुडेल.

शेवटची चाचणी सर्वांत सोपी आहे आणि ती कोणीच करत नाही. चारही छायाचित्रे प्रत्यक्ष छापायच्या आकारात साध्या लेझर प्रिंटरवर, साध्या कागदावर काढा आणि हातभर अंतरावर धरा. मोबाइलवर आपण बोटांनी मोठे करून पाहतो, वाचकाला ती सोय नसते.

दुपारची_सावली

मी लग्नसमारंभ आणि व्यक्तिचित्रे काढते, त्यामुळे पिक्सेलचे काम वरच्या दादांवर सोपवून फक्त प्रकाशाबद्दल आणि चेहऱ्याबद्दल लिहिते.

चौकोनी टोपी ही छायाचित्रकाराची वैरीण आहे. तिची पुढची कड कपाळावर आणि डोळ्यांवर सावली टाकते, आणि दिवा किंवा सूर्य डोक्यावर असेल तर डोळ्यांच्या जागी दोन खळगे उरतात. स्टुडिओत दिवा थोडा खाली आणून किंवा छातीच्या उंचीला पांढरा फलक धरून ही सावली घालवता येते, पण समारंभाच्या दिवशी ५० मुलांची रांग बाहेर उभी असताना एवढे कोणी करत नाही. मग ती सावली संगणकावर घालवतात, आणि ती घालवता घालवता अख्खा चेहराच पांढरा करतात. आपल्याकडे बहुतेक वेळा हे न विचारताच केले जाते, गिऱ्हाइकाला गोरेपणा हवाच असतो असे गृहीत धरून. मला हा प्रकार अपमानास्पद वाटतो. साडेपाच वर्षे गोठ्यांत आणि शिबिरांत उन्हात काम केलेल्या मुलीचा रंग तिच्या पदवीच्या दिवशीच कशाला पुसायचा? छपाईसाठी सावल्या उजळाव्या लागतात हे खरे आहे, पण सावली उजळणे आणि वर्ण बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसऱ्या छायाचित्राला माझे मत जाते आणि त्याचे मुख्य कारण व्हरांडा आहे. व्हरांड्याच्या कडेला उभे राहिले की डोक्यावर छप्पर असते आणि समोरच्या मोकळ्या जागेतून मऊ प्रकाश थेट चेहऱ्यावर येतो. हजारो रुपयांचे दिवे लावून आम्ही हेच साधायचा प्रयत्न करत असतो. शिवाय मैत्रिणीने पूर्ण आकृती घेतली आहे, म्हणजे ती निदान अडीच-तीन मीटर लांब उभी असणार. लांबून काढलेल्या चित्रात नाक, कान आणि गाल यांचे प्रमाण आपण माणसाला रोज पाहतो तसेच राहते. सेल्फीत मोबाइल हातभर अंतरावर असल्याने नाक मोठे आणि कान लहान दिसतात. ते भिंगाच्या दोषामुळे होत नाही, अंतरामुळे होते. म्हणून लांबून काढून नंतर कापलेले चित्र जवळून काढलेल्या चित्रापेक्षा जवळजवळ नेहमीच सरस ठरते, अर्थात मूळ फाइल हाताशी असेल तर.

एक गोष्ट मात्र तपासा. ते छायाचित्र मोबाइलच्या ‘पोर्ट्रेट’ पर्यायाने काढलेले असेल, तर मागचा भाग धूसर करताना मोबाइल केसांच्या बटा, कानातले आणि हातातल्या टोपीचा गोंडाही खातो. पडद्यावर हे लक्षात येत नाही, पण आर्ट पेपरवर कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसते.

व्यासपीठावरचे छायाचित्र घरच्या अल्बममध्ये ठेवा. ते प्रसंगाचे चित्र आहे, तिचे नव्हे. आणि त्या फीत बांधलेल्या गुंडाळीबद्दल एवढेच विचारते, की कोणत्या विद्यापीठाने अलीकडे पदवी अशी गुंडाळून दिली आहे?

जुना_विद्यार्थी

दोघांचेही तांत्रिक म्हणणे पटले, तरी माझे मत वेगळे आहे. हा विभाग ‘घरातील पहिले पदवीधर’ असा आहे. पान उलटताना वाचकाला पहिल्या क्षणी समजले पाहिजे की ही मुलगी पदवीधर झाली आहे, आणि ते गाऊन-टोपीने जितके समजते तितके हसऱ्या चेहऱ्याने समजत नाही. ‘गाऊन म्हणजे इंग्रजांची नक्कल’ असे म्हणणे सोपे आहे. एप्रिल २०१० मध्ये भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या समारंभात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी व्यासपीठावरच गाऊन उतरवला होता, तेव्हा त्याची बरीच वाहवा झाली. पण उतरवायला आधी अंगावर असावा लागतो. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या आहेत त्यांना तो उतरवणे परवडते. आमच्या वस्तीत घरोघरी भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र आहे आणि त्यांतल्या कित्येक चित्रांत ते गाऊनमध्ये आहेत. ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली, त्या प्रसंगाचे छायाचित्र पाहतच मी लहानाचा मोठा झालो. माझ्या मुलाने गाऊन घातला तेव्हा माझ्या आईने आधी त्या भिंतीकडे पाहिले आणि मग नातवाकडे. त्यामुळे स्टुडिओवाल्याचा उद्योग बाजूला ठेवूनही मी पूर्ण पोशाखातलेच छायाचित्र निवडा असे म्हणेन.

नऊवार

जुना_विद्यार्थी यांच्या भावनेचा आदर आहे, पण दुसरे उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. आनंदीबाई जोशी यांचे सर्वाधिक छापले गेलेले छायाचित्र १० ऑक्टोबर १८८५ चे आहे. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली अशा तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. आनंदीबाई साडीत आहेत. त्यांना पदवी मिळाली ती पुढच्या वर्षी, ११ मार्च १८८६ रोजी, म्हणजे हे पदवीचे छायाचित्र नव्हेच. तरीही आज ‘भारतातली पहिली स्त्री डॉक्टर’ म्हटले की डोळ्यांसमोर हेच चित्र येते. ते चित्र कशाचे आहे हे सांगायचे काम खालची ओळ गेली १४० वर्षे करते आहे.

तिसऱ्या छायाचित्रात साडीही आहे आणि गाऊनही आहे. मग वाद राहिला कुठे?

जुना_विद्यार्थी

टोपी हातात आहे, एवढाच राहिला. ती चौकटीत येत असेल तर माझी हरकत मागे घेतो.

संपादकीय_टाचण

मी एका संस्थेच्या त्रैमासिकाचे काम पाहतो. इथे सगळे एका छायाचित्राबद्दल बोलत आहेत, पण माणगंगाकाठ, तुमच्या विभागात असे किती जण असतील? १५, २०? मग तुमचा खरा प्रश्न ती सगळी एकमेकांशेजारी कशी दिसतील हा आहे. एकाचा चेहरा पेरूएवढा आणि शेजारच्याचा सुपारीएवढा असेल, तर पान विस्कटलेले दिसते आणि मोठ्या चेहऱ्याचा माणूस उगाच महत्त्वाचा वाटतो. मी प्रत्येक छायाचित्र असे कापतो की हनुवटीपासून कपाळापर्यंतची उंची सर्वांची जवळजवळ सारखी येईल आणि डोळ्यांची रेषा चौकटीच्या वरच्या एक तृतीयांशाच्या आसपास राहील. टोपी घातलेल्यांच्या डोक्यावर थोडी अधिक जागा सोडावी लागते, नाहीतर टोपीचे कोपरे कापले जातात. मनगटावर, कोपरावर किंवा बोटांच्या सांध्यावर काप येऊ देऊ नये. तो दंडाच्या किंवा कमरेच्या आसपास असावा. तिच्या हातातली टोपी कमरेपाशी असेल तर ती सहज चौकटीत येईल.

तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काहींकडे १९८०-९० मधील एखादे पासपोर्ट आकाराचे छायाचित्र एवढेच असणार, साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे. ते ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केले तर सव्वाआठशे बाय एक हजाराच्या थोडे वर पिक्सेल मिळतात, आणि ते ४ इंचांत ताणले की कागदाचे कण आणि ओरखडेही ताणले जातात. माझा सल्ला असा आहे की ४ बाय ५ चा हट्टच सोडा. सगळ्यांनाच अडीच बाय तीनची चौकट द्या, म्हणजे जुने व नवे एका रांगेत शोभतील आणि ज्यांच्याकडे चांगला कॅमेरा नव्हता त्यांची कुचंबणा होणार नाही. उरलेल्या जागेत प्रत्येकाविषयी दोन ओळी अधिक लिहिता येतील.

दुसरे म्हणजे, चेहरा पानाच्या आतल्या बाजूला पाहणारा असावा हा नियम सर्वांना माहीत असतो आणि तो पाळण्यासाठी पाने लावणारी मुले बिनदिक्कत छायाचित्र आरशासारखे उलटवतात. हे कधीही करू देऊ नका. साडीचा डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर जातो, शर्टाचा खिसा उजवीकडे येतो, केसांचा भांग बदलतो, आणि छातीवर बिल्ला असेल तर त्यावरची अक्षरे उलटी होतात. वाचकाला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण माणूस ओळखीचा वाटत नाही. हे बदललेले कोणी न सांगता ओळखते ती फक्त आई. काही मोबाइलवर सेल्फीही अशीच उलटी साठवली जाते, म्हणून तुमच्या चौथ्या छायाचित्रातला पदर पाहून घ्या. चेहऱ्याची दिशा जुळत नसेल तर छायाचित्र समोरच्या पानावर हलवा, ते उलटवू नका.

हक्काचेही थोडे पाहा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन कोणाकडून छायाचित्र काढून घेतले असेल आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्याचा पहिला हक्कदार काढवून घेणारा असतो. म्हणजे स्टुडिओकडून फाइल मागताना संकोचाचे कारण नाही. मैत्रिणीने हौसेने काढलेल्या छायाचित्राचा हक्क मात्र मैत्रिणीचा असतो, म्हणून तिला विचारा आणि खाली बारीक अक्षरांत तिचे नाव द्या. आणि ज्यांचे छायाचित्र छापायचे त्यांचा स्वतःचा होकार घ्या, लेखी घेतला तर उत्तमच. आमच्या अंकात एकदा एका बाईंचे छायाचित्र त्यांच्या भावाने परस्पर पाठवले होते. अंक वाटून झाल्यावर त्यांनी मला दूरध्वनी केला. त्यांचा आवाज शांत होता, आणि तो अजून आठवतो.

माणगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मध्यंतरीच्या आठवड्यात काय काय केले ते लिहितो, म्हणजे दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

मैत्रीण आता विदर्भात नोकरीला आहे. तिने मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली आणि ती खरोखरच ३०२४ बाय ४०३२ ची निघाली. पोर्ट्रेट पर्याय वापरलेला नव्हता, त्यामुळे टोपीचा गोंडा शाबूत आहे. नाव छापायला ती तयार आहे. स्टुडिओत मी स्वतः जाऊन टच-अप न केलेली फाइल मागितली. त्यांनी आधी ‘ती ठेवत नाही’ असे सांगितले, आणि मी बाकावर बसून राहिल्यावर पंधरा मिनिटांनी ती सापडली. त्यातली पुतणी मला लगेच ओळखू आली.

मग तालुक्याला जाऊन पाचही छायाचित्रे, म्हणजे चार आणि ही टच-अप नसलेली पाचवी, साध्या कागदावर दोन्ही आकारांत छापून घेतली आणि घरी कोणतीही सूचना न देता दिवाणावर मांडून ठेवली. ४ सेंटिमीटरच्या आकारात व्यासपीठावरचे छायाचित्र म्हणजे दोन पांढरे ठिपके आणि एक फेटा एवढेच होते. सेल्फीत चेहराच काळा पडला. स्टुडिओच्या उजळलेल्या चित्रात नाक नाहीसे झाले. कपाळ, गाल आणि नाक मिळून एकच पांढरा भाग दिसत होता. हे पाहिल्यावर थोरल्या भावाने पैशांचा विषय काढला नाही. व्हरांड्यातले चित्र मोठ्या आकारात सर्वांत सरस ठरले, त्यात वाद झाला नाही. मला आश्चर्य वाटले ते लहान आकारात. तिथे व्हरांड्यातल्या चित्रात मागची जाळीची खिडकी आणि केस एकमेकांत मिसळले, आणि टच-अप नसलेले स्टुडिओचे चित्र, पडदा फिका निळा असल्यामुळे, स्वच्छ दिसले. त्यामुळे स्मरणिकेत व्हरांड्यातले आणि साप्ताहिकात स्टुडिओतले, असे ठरले आहे. जुना_विद्यार्थी यांचेही समाधान व्हावे, कारण साप्ताहिकात टोपी डोक्यावर आहे आणि स्मरणिकेत ती हातात, पण चौकटीच्या आत आहे.

चौकटींचा आकार समितीने अडीच बाय तीन इंच असा मान्य केला. आमच्याकडे २२ जण आहेत आणि त्यांतल्या नऊ जणांकडे पासपोर्ट आकाराशिवाय काहीही नाही. होकारपत्राचा एक साधा नमुना मी जुन्या सवयीने तयार केला आहे आणि १६ जणांच्या सह्या आल्या आहेत.

दोन प्रश्न उरले आहेत. प्रेसमधला मुलगा म्हणतो की फाइली तुम्हीच सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत) बदलून द्या. ते आम्ही करावे का? आणि पुतणीची तक्रार अशी की मूळ छायाचित्रात तिच्या पायाशी वसतिगृहाचा कुत्रा बसलेला आहे, कापताना तो जातो. पाच वर्षे त्याच्या जखमा तिनेच बांधल्या, त्यामुळे तो गेलेला तिला चालत नाही.

खिळेजुळारी

सीएमवायकेचे काम तुम्ही करू नका. कोणता कागद आणि कोणते यंत्र आहे हे प्रेसला माहीत असते आणि रंगांचे रूपांतर त्यावरच ठरते. तुम्ही मोबाइलमधून आलेली जेपीईजी फाइल, दर वेळी नव्याने साठवून खराब न करता, तशीच द्या. फक्त पक्के प्रूफ (छपाईआधीचा रंगीत नमुना) मागा आणि ते दिवसाच्या उजेडात पाहा, ट्यूबलाइटखाली नव्हे. आपल्या वर्णाच्या चेहऱ्यांत पिवळी शाई किरमिजी शाईइतकी किंवा तिच्याहून थोडी जास्त असावी लागते, आणि निळी किरमिजीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. प्रूफमध्ये सगळेच चेहरे ऊन लागल्यासारखे गुलाबी दिसले, तर प्रेसला ‘किरमिजी कमी करा’ एवढेच सांगा, त्यांना समजते. मोतिया साडीकडेही लक्ष ठेवा. तिच्यात निळी शाई थोडी जरी वाढली तरी ती मळकी हिरवट दिसते. ही साडी तुमच्यासाठी खरे तर चांगली खूण आहे, कारण तिचा रंग बरोबर आला तर चेहऱ्याचाही आला असे समजायला हरकत नाही.

कुत्र्याला अडीच बाय तीनमध्ये बसवायचा हट्ट धरला तर पुतणी सुपारीएवढी होईल. पण चौकटी लहान केल्यामुळे विभागाच्या पहिल्या पानावर जागा सुटली असेल. तिथे पूर्ण आकृतीचे मूळ छायाचित्र ४ इंच रुंदीत न कापता लावा. मूळ फाइल मोठी असल्याने ते दर इंचाला ७०० पिक्सेलहून अधिक दराने बसेल, अगदी कुत्र्याच्या कानांसकट. समितीतल्या इतरांना ‘तुमच्याच पुतणीचे का’ असे विचारायचे असेल तर ते छपाईपूर्वी विचारू द्या.

माणगंगाकाठ

विचारले. मुख्याध्यापकांनीच. त्यांना ते छायाचित्र दाखवले, तर म्हणाले की लावा, पण छायाचित्राखालच्या ओळीत कुत्र्याचेही नाव द्या. त्याचे नाव ‘डीन’ आहे असे पुतणी सांगते, त्यामुळे आता ती ओळ कशी लिहायची यावर समितीची वेगळी बैठक होणार आहे.